राबत्याची घरं

सोलापूरहून अक्कलकोट जेमतेम चाळीस किलोमीटर. गुरुवारी एसट्या भरून येतात. वटवृक्ष मंदिरात स्वामींचं दर्शन, महाप्रसाद आणि परतीची गाडी, असा बहुतेकांचा दिवस. राजवाड्याकडे वळणारे थोडे. वळावं असं मात्र तिथं पुष्कळ आहे.

अक्कलकोटच्या भोसले घराण्याची कथा सुरू होते १७०७ साली. मोगलांच्या कैदेतून सुटून शाहू महाराज दक्षिणेत परतत होते. वाटेत पारदला लढाई झाली आणि तिथले पाटील लोखंडे मारले गेले. त्यांच्या पत्नीनं आपलं लहानगं पोर, राणोजी, महाराजांच्या पायांवर घातलं. महाराजांनी त्याला पदरात घेतलं, पहिल्या फत्तेची खूण म्हणून फत्तेसिंह हे नाव दिलं आणि भोसले हे आडनावही. महाराजांच्या घरातल्या विरूबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं वाढवलं. पुढे अक्कलकोटची जहागीर त्याच्याकडे आली. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं, तोवर त्याच्या वारसांनी राज्य केलं. नव्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात तलवारी, ढाली, भाले, बंदुका पाहताना मला सारखी आठवत होती ती पारदची माउली. तिनं पोर पायांवर घातलं नसतं, तर हे दालनही नसतं.

राजवाडा पाहायला थोडी का होईना माणसं येतात, म्हणून तो नजरेत आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांच्या नशिबी हे नाही. आपल्याकडचा वाडा ऊन ओळखून बांधलेला असतो: जाड भिंती, ढेळज, मधला चौक आणि वर लाकडी तुळयांच्या आधारावर मातीचं माळवद. या माळवदाला दरवर्षी पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर लागतो. घरात माणूस असेपर्यंत ती माती पडते. कुलूप लागलं की वर गवत उगवतं, मुळांवाटे पाणी मुरतं, तुळया कुजतात आणि एखाद्या पावसात छत खाली बसतं. डागडुजी म्हणून जुन्या भिंतीला सिमेंट थापलं, तरी ओल आत कोंडते. तिथं चुनाच हवा, कारण त्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडू शकतो.

सोलापूर शहरातलं इंद्रभुवन मात्र वेगळ्या वाटेनं तगलं. अप्पासाहेब वारदांनी हौसेनं उभारलेली ही हवेली. कमानींवरचं आणि भिंतींवरचं नक्षीकाम पाहताना मान दुखून येते. १९६४ साली सोलापूरची महानगरपालिका झाली आणि तिचा कारभार पुढे याच वास्तूतून चालला. एका धनिकाच्या घराच्या पायऱ्या पाणीपट्टीची तक्रार घेऊन आलेला यंत्रमाग कामगारही चढू लागला. या वास्तूचा याहून मोठा मान मला दिसत नाही.

तिसरं घर भैय्या चौकाजवळचं, कोटणिसांचं. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. वय अवघं बत्तीस. पालिकेनं त्यांच्या घराचं स्मारक केलं. इथं सिंहासन नाही, नक्षी नाही. तरीही चीनहून पाहुणे या उंबऱ्याशी येतात.

वापरात राहिलं की घर तगतं, हे फक्त आपल्याकडचंच नाही. मलेशियातल्या नेगरी सेंबिलान संस्थानात श्री मेनांती इथं १९०८ मध्ये पूर्ण झालेला लाकडी राजवाडा आहे. लोखंडी खिळा न वापरता, लाकडात लाकूड गुंतवून तो उभारला. त्याला ९९ खांब आहेत. तिथल्या राजांचं घर म्हणून त्याचं काम संपलं, तेव्हा त्याचं संग्रहालय झालं. पावसाच्या देशातला तो लाकडी वाडा आणि उन्हाच्या मुलखातला आपला मातीचा वाडा, दोघांची गरज एकच: राबता.

सोलापूरकरांना म्हणून एवढंच सांगणं आहे. पाहुणे आले की त्यांना सिद्धेश्वराच्या तळ्याबरोबर इंद्रभुवन आणि कोटणिसांचं घरही दाखवा. अक्कलकोटला गेलात तर परतीची एक गाडी चुकवून राजवाड्याकडे वळा. आणि गावाकडचा वाडा बंद असेल, तर या मृगाआधी कुलूप काढून एकदा माळवदावर चढा. गवत उपटा, माती टाका. ते काम एका दिवसाचं आहे.