हायब्रिड मोटारीची बॅटरी बसली : नवी लागण की नांग्या भरायच्या?



विहिरीवरची मोटार जळाली की आपण ती वर काढतो, रिवाइंडिंगवाल्याकडे नेतो आणि तो सांगेल त्या आकड्यावरून ठरवतो, गुंडाळून घ्यायची की नवी आणायची. हाच हिशेब आता हायब्रिड मोटारगाडीच्या बॅटरीबाबत करायची वेळ येऊ लागली आहे. आमच्या घरावर ती गेल्या गळीत हंगामात आली. त्यातून जे शिकलो ते सभासदांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

माझे थोरले बंधू अण्णा यांनी तीन वर्षांपूर्वी एक जुनी हायब्रिड गाडी घेतली. वहिनींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. पेट्रोल कमी लागेल, हा विचार. ऐन हंगामात एके पहाटे इशाऱ्याचे दिवे पेटले आणि गाडी जागची हलेना. दुरुस्तीच्या ठिकाणी सांगितले, मोठी बॅटरी गेली, सगळी बदलावी लागेल. आकडा ऐकून अण्णा म्हणाले, "अरे, हे तर माझं तीन एकराचं ठिबक गेलं की!" उसाच्या बिलातून ठिबकसाठीच ते पैसे बाजूला काढले होते.

घाई न करता आधी गाडी समजून घेतली. हायब्रिड गाडीत पेट्रोलचे इंजिन व विजेची मोटार दोन्ही असतात. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत साठते आणि गाडी उचलताना ती कामी येते. ही बॅटरी म्हणजे एक डबा नव्हे. १९९७ साली जपानमध्ये विक्रीस आलेली टोयोटाची प्रियस ही यातली जुनी, नावाजलेली गाडी. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बॅटरीत २८ कप्पे असून प्रत्येक कप्पा ७.२ व्होल्टचा, मिळून २०१.६ व्होल्ट. सगळे कप्पे एकामागे एक जोडलेले. त्यामुळे बैलजोडीतला एक बैल बसला की औत थांबते, तसे एकदोन कप्पे कमजोर झाले की सगळी बॅटरी निकामी ठरते. अशा गाडीला वेगळा स्टार्टर नसतो, इंजिन याच बॅटरीवर फिरते. म्हणून ती गेली की नुसत्या पेट्रोलवरही गाडी निघत नाही.

येथे एक खुलासा. 'स्मार्ट हायब्रिड' म्हणून विकल्या गेलेल्या गाड्यांत छोटी बॅटरी असते. तिथली मोटार इंजिनाला हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. तो खर्च वेगळा, त्याने घाबरून जाऊ नये.

आधी तपासणी, मग खर्च

पहिले म्हणजे नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी. ती याही गाडीत असते, आणि ती उतरली तरी नाना तऱ्हेचे दिवे पेटतात. दुसरे, मोठ्या बॅटरीला वारा घालणारा पंखा. पुष्कळ गाड्यांत त्याची हवेची जाळी मागच्या बाकाजवळ असते. आपल्या रस्त्यांची धूळ आणि बाकावर टाकलेली पोती यांनी ती बुजते, बॅटरी तापते आणि आयुष्य घटते. तिसरे, कप्पे जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर चढणारा गंज. मग यंत्र लावून प्रत्येक कप्प्याचे व्होल्टेज भार असताना वाचून घ्यावे आणि तो कागद मागावा. आमच्याकडे १२ व्होल्टची बॅटरी ठीक होती, जाळी बुजली होती, पण ती साफ करूनही भागले नाही. दोन कप्पे खरोखरच गेले होते.

चार वाटा

पहिली वाट, फक्त गेलेले कप्पे बदलणे. हे खोडव्यात नांग्या भरण्यासारखे. खर्च सर्वांत कमी, पण बाकीचे कप्पे तितकेच म्हातारे. आज दोन भरले, काही महिन्यांनी तिसरा जातो. नव्या-जुन्याची ताकद जुळली नाही तर तेही लवकर जातात.

दुसरी, दुरुस्त केलेली संपूर्ण बॅटरी. जुन्या कप्प्यांतून सारख्या ताकदीचे निवडून ती बांधतात. कारागीर चांगला असेल तर काम देते. हमी किती महिन्यांची, गाडी कुठे न्यावी लागेल आणि मजुरी कोण देणार, हे लेखी घ्यावे.

तिसरी, अपघातात मोडलेल्या गाडीची बॅटरी. किंमत बरी, पण ती किती वर्षे उन्हात उभी होती हे कळत नाही. पडून राहिलेली बॅटरीही खराब होते.

चौथी, कंपनीची नवी. महाग, पण नवी लागण ती नवी लागण. गाडी अलीकडची असेल तर हमीचा कागद आधी शोधावा. भारतात टोयोटाने २०२१ पासून हायब्रिड बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १,६०,००० कि.मी. केली आहे.

हिशेब वर्षावर करावा. समजा नवी २,४०,००० रुपयांना मिळाली आणि ८ वर्षे चालली, तर वर्षाला ३०,००० पडले. दुरुस्त केलेली ९०,००० ला घेतली आणि २ वर्षांत गेली, तर वर्षाला ४५,०००. तीच ४ वर्षे टिकली तर २२,५००. तेव्हा गाडी आणखी किती वर्षे ठेवायची हे आधी ठरवा. आणि दुरुस्तीनंतर गाडीची जी किंमत येईल तिच्यापेक्षा बॅटरी महाग असेल, तर गाडी आहे तशी विकणे हीच पाचवी वाट.

पुतण्या म्हणाला, "अण्णा, दुरुस्त केलेली घेऊ, ठिबक तरी होईल." अण्णांनी रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाले, "बाजारहाटाला गाडी असती तर मीबी तेच केलं असतं. पण तुझ्या आईला घेऊन निम्म्या वाटेत थांबलो तर? ती स्वस्ताई मला परवडायची नाही." नवी बॅटरी बसली. ठिबक यंदा दीड एकरच झाले, उरलेले पुढच्या बिलावर. ज्याची गाडी आठवड्यातून एकदाच निघते त्याने मात्र दुसरी वाट धरली तर ते चूक म्हणता येणार नाही.

दोन सूचना. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना गावातल्या मिस्त्रीला हात लावू देऊ नका. तो विद्युतप्रवाह जीव घेऊ शकतो. आणि जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती परत घेऊन तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.

हा विषय आपल्याला परका नाही. इथेनॉल व वीज या दोहोंवर चालणाऱ्या हायब्रिड गाडीचा नमुना २९ ऑगस्ट २०२३ रोजी दिल्लीत केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते सादर झाला. उद्या आपल्याच उसाचे इंधन अशा गाडीत पडेल. तेव्हा तिच्या बॅटरीचा खर्चही आजच ठाऊक असलेला बरा.