नैराश्यग्रस्त कुमारांसाठी ऑनलाइन मानसोपचार : यंत्र आणि माणूस

मानसोपचार म्हणजे दोन व्यक्तींनी एका खोलीत समोरासमोर बसून केलेला संवाद, ही कल्पना इतकी रूढ झाली आहे की ती उपचाराची व्याख्या आहे की केवळ सवय, हा प्रश्न आपण फारसा विचारीत नाही. आंतरजालाने तो विचारावयास भाग पाडले आहे. नैराश्याने ग्रासलेल्या कुमारांवर दूर अंतरावरून उपचार करता येतात काय, हे गेल्या दोन दशकांत अनेक नियंत्रित चाचण्यांनी पाहिले. त्यांपैकी काही चाचण्यांवरून नेमके काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात सॅली मेरी व त्यांचे सहकारी यांनी 'स्पार्क्स' नावाचा संगणकीय खेळ सिद्ध केला. कुमाराने एका कल्पित जगात शिरावयाचे, तेथे पसरलेल्या निराश विचारांचा सामना करावयाचा आणि त्या जगाचा बिघडलेला तोल सावरावयाचा, अशी त्याची रचना आहे. खेळाचे सात भाग असून त्यांचा गाभा बोधनिक वर्तनोपचाराचा आहे : विचार, भावना व वर्तन परस्परांना कसे घडवितात, हे त्यातून शिकविले जाते. या खेळाच्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. १२ ते १९ वर्षे वयाच्या १८७ कुमारांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला खेळ देण्यात आला. दुसऱ्याला नेहमीची सेवा, म्हणजे मुख्यतः प्रत्यक्ष समुपदेशन, मिळाले. खेळ नेहमीच्या सेवेहून कमी ठरला नाही. इतकेच नव्हे, तर पहिल्या गटात ४३.७ टक्के व दुसऱ्यात २६.४ टक्के कुमारांचे नैराश्य ओसरले.

एखाद्या प्रशासकाने हे आकडे वाचून 'मग समुपदेशक नेमावयाचे कशाला?' असे म्हटले, तर ते समजण्यासारखे आहे. परंतु ते चूक आहे. 'कमी ठरला नाही' या शब्दांचा अर्थ तुलनेच्या दुसऱ्या बाजूवर अवलंबून असतो. दुसरे असे की, हे कुमार मदतीसाठी दवाखान्यात, युवा-केंद्रात किंवा शाळेतील समुपदेशकाकडे आलेले होते. ज्यांना आत्मघाताचा धोका अधिक होता, त्यांना चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे धोका ओळखणारे आणि 'हा खेळ तुझ्यासाठी योग्य आहे' असा निर्णय घेणारे माणूसच होते. खेळ उपचाराच्या दारात उभा होता. दार मात्र माणसाने उघडले होते.

स्वीडनमधील चाचणीने याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. २०२२ साली 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ' या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात १५ ते १९ वर्षांच्या २७२ कुमारांना दहा आठवड्यांचा ऑनलाइन उपचार देण्यात आला; निम्म्यांना बोधनिक वर्तनोपचार, निम्म्यांना मनोगतिक उपचार. मनोगतिक उपचार बोधनिकाहून कमी ठरला नाही. या दोन पंथांतील जुना वाद लक्षात घेता हे उल्लेखनीय होय. दोन्ही गटांत एक गोष्ट समान होती : दर आठवड्याला अर्धा तास उपचारक त्या कुमाराशी लेखी संवाद साधीत असे.

याउलट, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील ६९१ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत दोन संगणकीय उपचारक्रम नेहमीच्या वैद्यकीय सेवेला जोडून देण्यात आले. दूरध्वनीवरून थोडे साहाय्य होते. पण ते उपचारकाचे नव्हते. अधिक लाभ आढळला नाही, आणि सर्व पाठ पूर्ण करणारे पाचांत एकही नव्हते. येथील रुग्ण प्रौढ होते. त्यामुळे ही तुलना पुरावा नव्हे, दिशादर्शक मात्र आहे.

याचे कारण रोगाच्या स्वरूपातच शोधावे लागते. स्वयंसाहाय्याला आरंभ करण्याची शक्ती, चिकाटी आणि उद्याविषयी थोडी आशा लागते. नैराश्य नेमके हेच हिरावून घेते. आपण लिहिलेले गुरुवारी कोणीतरी वाचणार आहे, एवढी जाणीवही ही उणीव काही अंशी भरून काढीत असावी.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षांच्या ७.३ टक्के मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. २०२२ पासून चालू असलेल्या 'टेली-मानस' या १४४१६ क्रमांकाच्या सेवेत मराठीतूनही बोलता येते, आणि पलीकडे प्रशिक्षित माणूस असतो. यापुढील संशोधनाने घराघरांतील वास्तवही पाहावयास हवे : दोन खोल्यांच्या घरात, सामायिक फोनवर, मुलीने मनातले कोठे बसून सांगावे? 'कशातच मन लागत नाही' या तिच्या वाक्याचे मोजमाप कोणत्या प्रश्नावलीने करावे?

यंत्र उपचाराचा आशय दूरवर पोहोचवू शकते, हे आता मान्य करावयास हवे. त्या आशयाची वाट पाहणाऱ्या मुलाची जबाबदारी मात्र कोणा माणसावरच राहते. ती कोणावर, हे ठरविल्यावाचून अशी कोणतीही योजना आखली जाऊ नये.