शोथ, श्वेतकण आणि रक्तकणांचा ऱ्हास

आमवाताच्या एका रुग्णेस पांडुत्वासाठी मी तीन महिने नवायस लोह दिले. हिमोग्लोबिन ९ ग्रॅमवर होते, ते तेथेच राहिले. मात्रा वाढविण्याच्या विचारात असतानाच फेरिटिन व सीआरपी तपासून घेतले, तेव्हा दोन्ही वाढलेली आढळली. लोहाचा साठा होता; शोथ मात्र धुमसत होता.

जंतूंचे भक्षण करताना न्यूट्रोफिल या श्वेतकणाचा प्राणवायूचा वापर एकाएकी अनेक पटींनी वाढतो. या प्राणवायूपासून श्वेतकण सुपरऑक्साइड तयार करतात, हे बेबियर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पुढे मायलोपेरॉक्सिडेजच्या साहाय्याने हायपोक्लोरस आम्ल बनते. हे द्रव्य ब्लीचच्याच जातीचे होय. जंतुनाशासाठी ही योजना उत्तमच. परंतु जीर्ण शोथात जंतू नसतानाही श्वेतकण उद्दीपित राहतात आणि ही द्रव्ये पेशीबाहेर पडतात.

त्यांची झळ शेजारून वाहणाऱ्या रक्तकणांस लागते. रक्तकणास केंद्रक नसल्याने नवी प्रथिने घडविता येत नाहीत. जन्मतः मिळालेल्या कॅटलेज इत्यादींच्या शिदोरीवरच त्यास सुमारे १२० दिवस काढावे लागतात. ती अपुरी पडली की हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन होते व ते प्राणवायू वाहू शकत नाही. विकृत हिमोग्लोबिनच्या गुठळ्या, म्हणजे हाइंझ कण, पटलास चिकटतात. पटलातील स्नेह बिघडून ते ताठर बनते. असा रक्तकण प्लीहेच्या अरुंद फटींतून पार होत नाही आणि तेथेच गिळला जातो.

शोथजन्य पांडुत्वाचे हे एकमेव कारण नव्हे. शोथात यकृतातून हेप्सिडिन अधिक स्रवते. त्यामुळे आतड्यातून लोह शोषले जात नाही व साठ्यातील लोहही अडकून पडते. अशा वेळी मात्रा वाढवून काय साधणार? उलट मुक्त लोह हायड्रोजन पेरॉक्साइडच्या संयोगाने अधिक दाहक असे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण करते.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १६ व्या अध्यायात पांडूच्या संप्राप्तीत पित्ताचे प्राधान्य सांगितले आहे, हे येथे सहजच आठवते. तथापि सुपरऑक्साइड म्हणजेच पित्त, असे समीकरण मांडण्याचा मोह मी टाळतो. तसेच परीक्षानळीत एखाद्या अर्काने मूलके शमविली म्हणून लेबलवर ‘अँटिऑक्सिडंट’ छापणाऱ्या औषधनिर्मात्यांनीही जरा थांबावे. परीक्षानळीत प्लीहा नसते.

जी-६-पीडी या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्यांत मात्र हा विषय प्राणांवर बेतू शकतो. ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्यास हेच एन्झाइम लागते. साध्या जंतुसंसर्गानंतरही अशा रुग्णाचे रक्तकण झपाट्याने फुटतात. अर्भकांच्या त्वचेस मेंदी लावल्याने असे घडल्याच्याही नोंदी आहेत. मेंदी विकणाऱ्या आपल्या औषधालयांनी हे ध्यानी ठेवावे. ज्वरानंतर अचानक पांढरेफटकपणा, डोळ्यांत पिवळेपणा आणि काळसर मूत्र दिसल्यास केवळ कामला समजून घरी औषध देत बसू नये. त्वरित रुग्णालयात पाठवावे. रक्तकण फुटत असताना केलेली जी-६-पीडीची तपासणी फसवी ठरू शकते, कारण उणीव असलेले जुने कण आधीच नष्ट होऊन एन्झाइम अधिक असलेले तरुण कण मागे उरतात. म्हणून ती सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

माझ्या रुग्णेचे लोह मी थांबविले व आमवाताच्या चिकित्सेकडे वळलो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही तपासावयास दिले आहे, कारण शोथात फेरिटिन वाढते आणि खरी लोहन्यूनता त्याआड दडू शकते.