शिक्का बसेल म्हणून लपवलेलं निदान

चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण. कारखान्यांच्या या पट्ट्यातल्या घरांत ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं निदान झालं, की पहिली भीती एकच असते: ‘पोराच्या कपाळावर शिक्का बसेल.’ मग फाइल कपाटात जाते. शाळेला सांगायचं नाही, गावाकडे सांगायचं नाही, मुलाला तर नाहीच. यामागे माया असते, हे मान्य. पण तिचा आधार असलेला समज चुकीचा आहे.

कारण शिक्का टळत नाही. निदान लपवलं तरी मुलाला नावं मिळतातच: हट्टी, शिष्ट, येडपट. लग्नाच्या हॉलमध्ये कान झाकून बसला, की ‘लाडावलेला’. ही नावं थेट स्वभावाला दोष देतात आणि मूल ती खरी मानून मोठं होतं. पुढे आयटीआय करून असा तरुण कंपनीत लागतो. प्रेस शॉपचा दणदणाट, फिरती पाळी, सुपरवायझरने घाईत सांगितलेल्या चार सूचना, जेवणाच्या सुट्टीतली थट्टामस्करी, या सगळ्याने तो इतरांपेक्षा जास्त थकतो. का थकतो ते त्याला ठाऊक नसतं. ‘मीच कमी पडतो,’ एवढंच उत्तर त्याच्यापाशी असतं. निदान त्याला दुसरं, खरं उत्तर देतं: मेंदूची घडण मुळातच वेगळी आहे, हा आळस नाही, की आईबापांच्या वळणाचा दोषही नाही.

‘पण कळल्यावर मूल खचेल ना?’ ‘ऑटिझम’ या नियतकालिकात २०२३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ७८ ऑटिस्टिक विद्यापीठीय विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं. ज्यांना लहान वयात कळलं, ते मोठेपणी जास्त समाधानी आढळले. उशिरा कळलेल्यांना त्या क्षणी सुटकेची भावना मात्र अधिक होती. अभ्यास छोटा आहे, आणि शिकलेल्या तरुणांपुरता. त्यावरून प्रत्येक मुलाचं भाकीत करता येणार नाही. तरी ‘कळलं की खचतं’ या समजुतीला त्यात आधार सापडत नाही.

निदानाने कधीच दुखत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फक्त उणिवांची यादी म्हणून ते सांगितलं, किंवा ‘याच्याकडून काही होणार नाही’ म्हणून शिक्षकांनी शिकवणंच सोडलं, तर तोच शब्द मुलाला मोडतो. लपवण्याचीही किंमत असते. दिवसभर ‘नॉर्मल’ दिसण्याची धडपड करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्य जास्त दिसतं, हे अनेक अभ्यासांत आलं आहे.

दुसरा गैरसमज प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांचा. ‘आमचा साठ टक्के आहे,’ असं पालक मुलासमोरच सांगतात, जणू तो दहावीचा निकाल! आपल्याकडे त्यासाठी ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० ते १०६ म्हणजे सौम्य, १५३पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. हे आकडे सवलती ठरवण्यासाठी आहेत. मुलगा किती चांगली चित्रं काढतो, कुणाला जीव लावतो, शांत खोलीत किती छान काम करतो, हे त्यात कुठेच येत नाही. आणि निदानाची नावं तरी कायम कुठे असतात? अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीने २०१३मध्ये ‘अ‍ॅस्पर्गर’ हे वेगळं निदानच काढून टाकलं आणि ऑटिझमच्या वर्णपटात मिसळलं. माणसं तीच राहिली.

‘प्रमाणपत्र काढलं की कंपनीची दारं बंद,’ हेही सरसकट खरं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का ऑटिझमसह बौद्धिक, मानसिक आणि बहुविध दिव्यांगत्वासाठी मिळून आहे. खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा अधिक माणसं कामावर असतील, तर दिव्यांगांना योग्य पदं आणि सोयी कोणत्या, हेही त्यात लिहायचं असतं. अनेक कारखान्यांत याची अंमलबजावणी मागे लागल्याशिवाय होत नाही, म्हणून मागावं लागतं: ठरलेली पाळी, लेखी सूचना, चांगले इअरमफ. कंपनीत कुणाला काय सांगायचं, हे त्या तरुणाने ठरवावं. पण ते ठरवता यायला आधी घरच्यांनी त्याला स्वतःला सांगितलेलं असायला हवं.