आधी कस की आधी खर्च?

जयपूरच्या सिविल लाइन्समध्ये राज्यपालांचं निवासस्थान आहे, मंत्र्यांचे बंगले आहेत आणि हवा सडकेला लागून असलेल्या एका गल्लीत माझी गणिताची शिकवणी आहे. वैमानिक व्हायचं ठरवून येणारी मुलं बहुधा वाणिज्य शाखेतून बारावी झालेली असतात. परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, म्हणून ती मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देतात. सुरुवातीच्या वर्षांत मुलासोबत वडील यायचे आणि त्यांचा एकच प्रश्न असायचा: सगळे मिळून किती लागतील? आता मुलं एकटी येतात आणि विचारतात, "सर, तोंडी हिशेबाचा वेग कसा वाढवायचा? ॲप्टिट्यूड टेस्ट आहे." पैशाचा प्रश्न सुटलेला नाही, पण त्याच्या आधी दुसरा येऊन बसला आहे. हा क्रम कसा बदलत गेला, ते पाहण्यासारखं आहे.

विमान कोणी चालवायचं, हे आपल्याकडे बराच काळ ऐपतीवर ठरत असे. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तेव्हा क्लबात शिकायचं, उडून दाखवायचं आणि परवाना घ्यायचा, एवढाच रिवाज होता. पुढे विमान कंपन्या आल्या, तशी निवड आली. पण ती मुलाखत घेणाऱ्याच्या मर्जीवर चाले. १९४७ मध्ये व्यावसायिक परवाना मिळवणाऱ्या प्रेम माथुर यांना आठ कंपन्यांनी नाकारलं आणि शेवटी हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने घेतलं. उणीव कौशल्यात नव्हती. बाईच्या हाती विमान द्यायची कुणाची तयारी नव्हती. सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी इंडियन एअरलाइन्सचं फोकर विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं आणि दोन्ही आसनांवर स्त्रिया दिसल्या, तोवर १९८५ साल उजाडलं होतं.

मोजून-मापून निवड करण्याची रीत आली ती लष्कराकडून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाने लाखो तरुणांच्या चाचण्या घेतल्या आणि एक ते नऊ अशा श्रेणीत त्यांना बसवलं. वरच्या श्रेणीतली मुलं प्रशिक्षणात टिकतात आणि खालच्या श्रेणीतली मोठ्या संख्येने गळतात, हे आकड्यांनी दिसलं. आपल्याकडे १९४३ मध्ये डेहराडूनला अधिकारी निवडीचं प्रायोगिक मंडळ बसलं. आजच्या डीआरडीओच्या मानसशास्त्रीय संशोधन संस्थेचं मूळ तेच.

हवाई दलाची 'पीएबीटी' ही चाचणी अनेक पिढ्यांनी दिली. आधी कागदावर विमानाच्या तबकड्या वाचायच्या. मग यंत्रासमोर बसायचं. हातात दांडा, पायाखाली पॅडल, समोर सतत निसटणारा प्रकाशाचा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा आणि मध्येच दिवा लागला किंवा बझर वाजला की तोही बंद करायचा. पुढे तिची जागा डीआरडीओने तयार केलेल्या 'सीपीएसएस' या संगणकीय चाचणीने घेतली. नियम मात्र जुनाच राहिला: नापास झालात, तर लढाऊ असो वा मालवाहू, हवाई दलाचं विमान चालवण्याची संधी जन्मभरासाठी गेली. नियम कठोर आहे, पण त्यात एक न्यायही आहे. सरकार मुलाच्या उड्डाणावर पैसा घालतं ते त्याचा कस पाहिल्यावर. इथून जवळच्या बनस्थली विद्यापीठात शिकलेल्या आणि तिथल्या फ्लाइंग क्लबमध्ये विमान हाताळलेल्या अवनी चतुर्वेदी याच वाटेने गेल्या. १८ जून २०१६ रोजी हवाई दलाने पहिल्या तीन स्त्रियांना लढाऊ वैमानिक म्हणून घेतलं, त्यांत त्या होत्या आणि झुंझुनूच्या मोहना सिंहही होत्या. ठिपका चौकटीत राहिला की नाही एवढंच पाहणाऱ्या यंत्राला समोर मुलगा आहे की मुलगी, याच्याशी देणंघेणं नसतं.

नागरी क्षेत्रात मात्र उलटी गंगा वाहत होती. रायबरेलीजवळच्या फुरसतगंजची सरकारी अकादमी लेखी परीक्षा, मुलाखत आणि अभिक्षमता चाचणी घेऊनच मुलं निवडायची. पण तिथल्या जागा मोजक्या. २००३ मध्ये एअर डेक्कन आली, स्वस्त तिकिटांचा जमाना सुरू झाला आणि घरोघरी वैमानिक व्हायची स्वप्नं पडू लागली. बहुतेक फ्लाइंग क्लबांना मेडिकलचं प्रमाणपत्र आणि शुल्क एवढंच पुरे होतं. दोनशे तास उड्डाण, नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे (डीजीसीए) पेपर सत्तर टक्क्यांनी सोडवणं, रेडिओचा परवाना आणि मग नोकरीची वाट. 'तुला हे जमेल का?' असं मुलाला पहिल्यांदा कुणी विचारलंच, तर ते विमान कंपनीच्या सिम्युलेटरमध्ये. तोवर जमीन विकून किंवा कर्ज काढून लाखो रुपये गेलेले असायचे. २००८ ची मंदी आली, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये किंगफिशर जमिनीवर बसली. परवाना खिशात आणि कॉल सेंटरची पाळी हातात, अशी मुलं मी या शहरात पाहिली आहेत.

या दोन धक्क्यांच्या मध्येच २०११ साल येऊन गेलं होतं. जानेवारीत गोव्यात एक प्रवासी विमान पुढच्या चाकावर आदळत उतरलं. चौकशीत त्या वैमानिकाची परवान्यासाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. पाठोपाठ राजस्थानच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने थेट जयपूरच्या राजस्थान स्टेट फ्लाइंग स्कूलमध्ये हात घातला. विमान उडालंच नाही, तरी लॉगबुकात तास चढले, असा आरोप होता. देशभरातल्या परवान्यांची छाननी सुरू झाली. हे स्कूल सांगानेर विमानतळावरचं आणि सांगानेर इथून फार दूर नाही, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. एका मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "मग खरे तास उडालेल्या माझ्या पोराने ते सिद्ध कसे करायचे?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तास मोजून माणूस कळतो, या समजुतीला तडा गेला होता, एवढं खरं.

त्याच सुमारास कॅडेट कार्यक्रमांची पद्धत रुजू लागली. विमान कंपनी आधी निवडते, मग ठरलेल्या अकादमीत पाठवते आणि पुढे नोकरीची वाट दाखवते. आपल्या गोंदियात बिरसीच्या धावपट्टीवर सीएई ही कंपनी आणि विमानतळ प्राधिकरण यांची अकादमी उभी राहिली, तिथे इंडिगोचे कॅडेट शिकू लागले. 'ॲडॅप्ट', 'कंपास' अशा निवड चाचण्यांची नावं मुलांच्या तोंडी आली. चाचण्यांचा गाभा जुन्या पीएबीटीचाच: ठिपका सांभाळा, कानात येणारे आकडे लक्षात ठेवा, त्याच वेळी बेरीज-वजाबाकी करा, तबकड्या बघून विमान कुठल्या दिशेला कललंय ते सांगा. शिवाय गटचर्चा, मुलाखत आणि स्वभाव जोखणारी लांबलचक प्रश्नावली. २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने विमान आल्प्समध्ये जाणूनबुजून आदळवलं, १५० जण गेले. त्यानंतर जगभर या प्रश्नावलीकडे अधिक गांभीर्याने पाहिलं जाऊ लागलं.

कस पाहायची सोय झाली, तशी कस वाढवून देणारी दुकानंही निघाली. सरावाने काय साधतं, हे शिकवणीत बसून मला बऱ्यापैकी दिसलं आहे. तोंडी हिशेब सुधारतात: वेग, अंतर आणि वेळ यांची त्रैराशिकं, ३६० अंशांतली उलट दिशा, खाली उतरायला किती मिनिटं लागतील याचा अंदाज. चाचणीचा प्रकार ओळखीचा झाला की घाबरण्यात जाणारे गुणही वाचतात. पण पहिल्या काही सरावांनंतर ही चढण सपाट होते. एकाच वेळी तीन कामं करताना कोणतं क्षणभर सोडून द्यायचं, हे काहींना उपजत कळतं, काहींना महिनोन्‌महिने कळत नाही. स्वभावाच्या प्रश्नावलीची 'बरोबर उत्तरं' पाठ करणं तर सर्वांत घातक. तोच प्रश्न रूप बदलून पुन्हा येतो आणि पाठांतर उघडं पडतं. जी मुलं रात्रीची झोप, नियमित खेळ आणि सडेतोड बोलणं सांभाळतात, ती तिथे निभावून नेतात.

मधल्या काळात एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मग करोना आला. कॅडेट म्हणून निवड होणं ही नोकरीची हमी नव्हे, हे तेव्हा कळलं. नंतर चित्र पुन्हा पालटलं: २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची अकादमी ठरली, वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याची. विदर्भातल्या नातेवाइकांचे फोन आता मला जयपूरला येतात.

त्यांना मी सांगतो ते इतकंच. क्रम सुधारला आहे. कंपनीच्या वाटेने गेलात तर नकार खर्चाच्या आधी मिळतो, आणि वेळेवर मिळालेला नकार ही मोठी बचत आहे. पण कॅडेट कार्यक्रमाचा खर्च कोटीच्या घरात जातो, म्हणजे चाळणीपर्यंत पोहोचतात तेही ऐपतवालेच. थेट फ्लाइंग क्लबात नाव घालणाऱ्याला आजही 'जमेल का?' हे कुणी विचारतंच असं नाही. हवाई दल आपल्या पैशासाठी जी काळजी घेतं, ती बापाच्या पैशासाठीही घेतली गेली पाहिजे. परवडेल अशा शुल्कात, दुसऱ्या प्रयत्नाची मुभा असलेली आणि निकालाची कारणं उमेदवाराला सांगणारी एक सरकारी चाचणी फ्लाइंग क्लबच्या प्रवेशाआधी सर्वांना खुली हवी. ती येईपर्यंत घरच्यांनी निदान मेडिकल आणि एक चांगली अभिक्षमता चाचणी आधी उरकावी. सातबारा त्यानंतर बाहेर काढावा.