शेजाऱ्याची नोंद किती वेळ खरी मानायची? एआरपी आणि ऑपरेटिंग सिस्टिम

मागच्या व्याख्यानात आपण सबनेट मास्कपर्यंत आलो होतो. समोरचा आयपी पत्ता आपल्याच नेटवर्कमधला आहे की बाहेरचा, हे ऑपरेटिंग सिस्टिम कसं ठरवते ते पाहिलं. आज एक पायरी खाली उतरू. पत्ता आपल्याच नेटवर्कमधला निघाला, तर पॅकेट त्या मशीनपर्यंत प्रत्यक्षात पोचतं कसं? आणि पोचत नाही तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं? आपला जास्त वेळ या दुसऱ्या प्रश्नावर जाणार आहे.

अडचण अशी की इथरनेटच्या तारेवर आयपी पत्त्याला कुणी विचारत नाही. नेटवर्क कार्डाला आणि साध्या स्विचला कळतो तो फक्त मॅक पत्ता, ४८ बिटांचा. फ्रेम आली की कार्ड तिचे पहिले सहा बाइट पाहतं. पत्ता माझा आहे का, किंवा सगळ्यांसाठी आहे का? दोन्ही नसेल तर फ्रेम सोडून देतं, प्रोसेसरला कळतसुद्धा नाही. म्हणजे प्रोग्रॅमच्या हातात आहे १९२.१६८.१.२०, आणि कार्डाला हवाय मॅक पत्ता. या दोघांमधला दुवा शोधणं हे ऑपरेटिंग सिस्टिमचं काम.

हा दुवा लागतोच का, असं कुणी विचारेल. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतल्या सुरुवातीच्या इथरनेटमध्ये स्टेशनचा पत्ता जेमतेम ८ बिटांचा होता. तो आयपी पत्त्यातच बसवून टाकता यायचा, शोधायची गरजच नव्हती. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून १० मेगाबिटच्या इथरनेटचं मानक काढलं आणि पत्ता ४८ बिटांचा झाला. ३२ बिटांच्या आयपी पत्त्यात ४८ बिट कसे कोंबणार? नोव्हेंबर १९८२ मध्ये एमआयटीच्या डेव्हिड प्लमर यांनी आरएफसी ८२६ लिहून यावर उपाय सांगितला. त्याचंच नाव ॲड्रेस रिझोल्यूशन प्रोटोकॉल, एआरपी. दस्तऐवज लहानसा आहे, आणि आपल्या घरातला राउटर आजही त्याच्याच आधारावर चालतो.

जाता जाता मॅक पत्त्याबद्दल एक गोष्ट. पहिले २४ बिट आयईईई ही संस्था उत्पादकाला देते, उरलेले उत्पादक ठरवतो, असं पुस्तकात असतं. पण पत्त्याच्या पहिल्या बाइटमधला एक बिट 'हा पत्ता इथेच बनवलाय' असं सांगण्यासाठी राखलेला आहे. आपल्या फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये मॅक पत्ता बघा. त्यातलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता कारखान्यातला नाही, फोनने स्वतः तयार केलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून हे आपोआप होतं. मॅक पत्ता म्हणजे यंत्राचा कायमचा जन्मदाखला, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

आता एआरपी करतं काय, ते पाहू. चाळीच्या चौकात उभं राहून 'अहो, कुलकर्णी कोण इथं?' अशी हाक मारावी, तसंच हे आहे. आपलं मशीन सगळ्यांना ऐकू जाईल अशी फ्रेम पाठवतं: १९२.१६८.१.२० कुणाचा? ज्याचा असेल तो एकटा उत्तर देतो, आणि ते थेट विचारणाऱ्यालाच देतो. तोवर पाठवायचं पॅकेट कर्नल रांगेत धरून ठेवतं. उत्तर आलं की नोंद टेबलात जाते आणि पॅकेट मार्गी लागतं. समोरचा पत्ता बाहेरच्या नेटवर्कमधला असेल, तर हाक त्याच्या नावाने मारली जात नाही, आपल्या राउटरच्या नावाने मारली जाते. दूरच्या वेबसाइटचा मॅक पत्ता आपल्या मशीनला कधीच कळत नाही, आणि त्याची गरजही नसते.

उत्तर आलंच नाही तर? लिनक्स साधारण एकेका सेकंदाने तीनदा हाक मारतं आणि सोडून देतं. इथे एक उपयोगाची खूण आहे. पिंग केल्यावर 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आलं आणि ते कळवणारा पत्ता तुमच्याच मशीनचा असेल, तर एआरपीला उत्तर मिळालेलं नाही असं समजा. पॅकेट तुमच्या कार्डाबाहेर पडलेलंच नाही. उलट पिंगला नुसती शांतता आहे, पण टेबलात समोरच्याचा ताजा मॅक पत्ता दिसतोय, तर मशीन जिवंत आहे, बहुधा त्याच्या फायरवॉलने पिंग अडवलंय. दोन्ही वेळा लोक म्हणतात 'नेटवर्क चालत नाही', पण दुरुस्ती अगदी वेगळ्या ठिकाणी करावी लागते.

आता मुख्य मुद्दा. मिळालेलं उत्तर किती वेळ खरं मानायचं? प्रत्येक पॅकेटला हाक मारत बसलो तर नेटवर्कमध्ये हाकांशिवाय काही उरणार नाही. एकदाच विचारून कायमचं लिहून ठेवलं, तर उद्या ते मशीन बदललं की आपण रिकाम्या खोलीचं दार ठोठावत राहणार. आरएफसी ८२६ ने इथे ठराविक मुदत घालून दिली नाही. त्यामुळे प्रत्येक सिस्टिमने आपापला हिशेब मांडला. फ्रीबीएसडी नोंद २० मिनिटं ठेवतं. सिस्कोचे राउटर मूळ सेटिंगमध्ये तब्बल चार तास ठेवतात. लिनक्स आणि अलीकडची विंडोज यांनी मात्र वेगळा विचार केला, आणि आमच्या मते तो जास्त शहाणा आहे.

तो असा. लिनक्समध्ये नोंद झाली की ती 'रीचेबल' असते. ही अवस्था ३० सेकंदांच्या आसपास, खरं तर १५ ते ४५ सेकंदांमधली कुठलीतरी मुदत टिकते. ती संपली की नोंद पुसली जात नाही, 'स्टेल' म्हणजे शिळी होते. शिळी नोंद वापरायला बंदी नाही. पुढचं पॅकेट त्याच जुन्या मॅक पत्त्यावर जातं, फक्त कर्नल पाच सेकंदांचं घड्याळ लावतं. तेवढ्यात टीसीपीकडून 'समोरून पोच आली' असं कळलं, तर नोंद पुन्हा ताजी, एआरपीचा एक शब्दही न बोलता. नाही कळलं, तर त्याच मॅक पत्त्यावर थेट तीनदा चौकशी होते. तरीही उत्तर नाही, तर नोंद बाद, आणि नंतरच्या पॅकेटसाठी सगळ्यांना नव्याने हाक. लिनक्सवर 'आयपी नेबर' ही आज्ञा द्या, या अवस्था डोळ्यांनी दिसतील. बऱ्याच नोंदींपुढे 'स्टेल' दिसलं म्हणून घाबरू नका. तो बिघाड नाही.

हे आकडे रटाळ वाटतात, पण ते कधी अंगावर येतात, ते पाहा. समजा एका ऑफिसात दोन सर्व्हर आहेत आणि सेवेचा एक सामायिक आयपी पत्ता आहे. तो आज पहिल्या सर्व्हरवर आहे, आणि पहिला बंद पडला की दुसऱ्यावर जातो. रात्री दोनला पहिला सर्व्हर मरतो. दुसरा तो पत्ता लगेच स्वतःवर घेतो. ऑफिसातल्या लिनक्स मशीनना पोच मिळेनाशी होते, त्यांची नोंद शिळी होते, चौकशी फसते, पुन्हा हाक जाते, दुसरा सर्व्हर ओ देतो. मिनिटभरात गाडी रुळावर. पण राउटर? त्याच्या टेबलात मेलेल्या सर्व्हरचा मॅक पत्ता आहे आणि चार तासांची मुदत अजून संपायचीय. तो इमानेइतबारे पॅकेट तिकडेच पाठवत राहतो. ऑफिसातून सगळं चालतंय, बाहेरून काहीच चालत नाही. रात्रपाळीचा माणूस इंटरनेट कंपनीला फोन लावून भांडत बसतो, आणि चूक असते एका शिळ्या ओळीची.

यावर उपाय आहे आणि तो आरएफसी ८२६ मधूनच निघतो. त्यात आलेल्या एआरपी पॅकेटचं काय करायचं त्याचा क्रम दिलाय. पाठवणाऱ्याचा आयपी पत्ता टेबलात आधीच असेल, तर त्याचा मॅक पत्ता ताबडतोब बदलून घ्या. हा प्रश्न आहे की उत्तर, हे त्यानंतर बघा. म्हणजे कुणी न विचारता 'हा पत्ता आता माझ्याकडे आहे' अशी दवंडी पिटली, तरी ऐकणारे आपली नोंद सुधारतात. याला ग्रॅच्युइटस एआरपी म्हणतात. दुसऱ्या सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरने पत्ता घेताच ही दवंडी पिटायची असते. व्हीआरआरपी या पद्धतीत तर एक सामायिक मॅक पत्ताच ठेवतात. आयपीबरोबर तोही सरकतो, आणि कुणाचं टेबल बदलायची वेळच येत नाही. बदल फक्त स्विचला कळावा लागतो.

पण ज्या दारातून दवंडी आत येते, त्याच दारातून चोरही येतो. मी राउटर नसताना 'राउटरचा पत्ता माझ्याकडे आहे' अशी दवंडी पिटली तर? प्लमर यांच्या नियमात ओळख पटवायची कुठलीच सोय नाही. १९८२ मध्ये एका तारेवरचे सगळे एकमेकांना ओळखत होते, तेव्हा ते गैरही नव्हतं. आज कॅफेतल्या वायफायवर, नेटवर्कने अटकाव केलेला नसेल तर, शेजारच्या टेबलावरचा अनोळखी माणूस तुमची सगळी पॅकेट स्वतःमार्फत फिरवू शकतो. लिनक्स थोडी काळजी घेतं. टेबलात नसलेल्या पत्त्याची दवंडी ऐकून ते मूळ सेटिंगमध्ये नवी नोंद करत नाही, आणि नुकत्याच बदललेल्या नोंदीला सेकंदभर हात लावत नाही. पण राउटरची नोंद तर टेबलात असतेच, आणि चोराला तीच हवी असते. म्हणून खरा बंदोबस्त स्विचमध्ये करावा लागतो. चांगले स्विच डीएचसीपीने कुणाला कोणता पत्ता दिला ते लक्षात ठेवतात आणि त्याच्याशी न जुळणारी एआरपी अडवतात. आणि वर एचटीटीपीएस असल्यामुळे पॅकेट हाती लागली तरी आतला मजकूर सहसा वाचता येत नाही. कोणत्या साइटशी बोलताय, हे मात्र बऱ्याचदा कळतं.

एका श्रोत्यांचा प्रश्न आलाय: लॅपटॉप केबलनेही जोडलाय आणि वायफायनेही, दोन्ही एकाच राउटरला. केबलच्या आयपीसाठी वायफायचा मॅक पत्ता का दिसतो? कारण लिनक्सच्या मते आयपी पत्ता कार्डाचा नसतो, मशीनचा असतो. त्यामुळे हाक कोणत्याही कार्डावर ऐकू आली, तरी ते ओ देतं. हे चुकून झालेलं नाही, विचारपूर्वक घेतलेला पवित्रा आहे. नको असेल तर 'एआरपी इग्नोर' ही सेटिंग १ करा.

आणि ज्यांच्याकडे मोठी नेटवर्क आहेत त्यांच्यासाठी: लिनक्सचं हे टेबल मूळ सेटिंगमध्ये १०२४ नोंदींवर अडतं. हजारो मशीन किंवा कंटेनर एकाच सपाट नेटवर्कमध्ये भरले की कर्नलच्या लॉगमध्ये 'नेबर टेबल ओव्हरफ्लो' दिसू लागतं, आणि जोडण्या मनाला येईल तशा तुटतात. मर्यादा वाढवता येते. मात्र त्याआधी एवढं मोठं नेटवर्क एकसंध ठेवायचं कारण काय, हे एकदा विचारा.

आयपीव्ही६ मध्ये एआरपी नाही, त्याची जागा नेबर डिस्कव्हरीने घेतली. तिथे हाक सगळ्यांना न मारता निवडक गटाला मारतात, आणि लिनक्सच्या ज्या अवस्था आपण पाहिल्या त्या मुळात तिथूनच आल्या आहेत. ओळख पटवायचा प्रश्न तिथेही तसाच आहे. सही असलेली पद्धत २००५ मध्ये आली, पण वापरात फारशी रुजली नाही. त्यावर पुढच्या वेळी सविस्तर बोलू. तोवर आपापल्या मशीनचं टेबल उघडून पाहा. विंडोजवर 'एआरपी', पुढे एक डॅश आणि लगेच 'ए'. राउटरच्या आयपीसमोर जो मॅक पत्ता दिसतो, तोच दुसऱ्या एखाद्या आयपीसमोरही दिसला, तर तो दुसरा कोण आहे याची चौकशी करा.