थिऑसॉफीतली जाणीव : एक विधान नव्हे, तीन विधानं

नेट-सेट झाली, पेट सुटली, आता विषय शोधतोय, अशा टप्प्यावर असलेल्या अनेकांना 'कॉन्शसनेस' हा शब्द खुणावतो. मेंदूविज्ञानवाल्यांना, मानसशास्त्रवाल्यांना, तत्त्वज्ञानवाल्यांना आणि हल्ली कॉम्प्युटरवाल्यांनाही. वाचायला घेतलं की थोड्याच पानांत काही वाक्यं समोर येतात. 'सगळं विश्वच चेतन आहे.' 'मेंदू जाणीव तयार करत नाही, तो फक्त रिसीव्हर आहे.' 'वरच्या पातळीवरची स्पंदनं.' आजच्या या भाषेचा मोठा भाग थिऑसॉफीच्या साहित्यातून पसरला आहे.

म्हणून आज थिऑसॉफी जाणिवेबद्दल नेमकं काय म्हणते ते बघू. ती खरी की खोटी हा निकाल एका दमात देता येत नाही, कारण तिथे तीन वेगळ्या जातींची विधानं एकत्र कालवलेली आहेत. ती सुटी केली नाहीत तर वाद भरपूर होतो, संशोधन होत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी

थिऑसॉफिकल सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झाली. संस्थापकांमध्ये प्रमुख नावं तीन: हेलेना ब्लॅव्हॅट्स्की, कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि विल्यम जज. १८७९ च्या फेब्रुवारीत ब्लॅव्हॅट्स्की आणि ऑल्कॉट मुंबईला आले, गिरगावात राहिले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' हे मासिक मुंबईतून सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस मुख्यालय मद्रासजवळ अड्यारला गेलं. मराठीत या विचाराला 'ब्रह्मविद्या' असंही म्हणतात.

त्या वेळी युरोपात काय चाललं होतं हे लक्षात घ्यायला हवं. १८७२ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी जाहीरपणे मांडलं की मेंदूतल्या अणूंच्या हालचाली पूर्ण समजल्या तरी त्यातून जाणीव कशी येते हे विज्ञानाला कधीच सांगता येणार नाही. १८७४ मध्ये टी. एच. हक्स्लींनी उलट बाजूने टोक गाठलं: जाणीव ही वाफेच्या इंजिनाच्या शिटीसारखी आहे. इंजिन चालतं तेव्हा ती वाजते, पण इंजिन तिच्यामुळे चालत नाही. म्हणजे एक म्हणतो उत्तर मिळणार नाही, दुसरा म्हणतो जाणिवेला काही कामच नाही. थिऑसॉफी या कोंडीत उतरली आणि तिने प्रश्नच उलटा केला: जडातून जाणीव कशी आली हे विचारू नका, जाणीव मूळची आहे असं धरून चला.

पहिली जात : तत्त्वमीमांसेचं विधान

ब्लॅव्हॅट्स्कींचा मुख्य ग्रंथ 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' १८८८ चा. त्यातली मूळ भूमिका अशी: एक अमर्याद, वर्णनापलीकडचं तत्त्व आहे. चैतन्य आणि जड ही त्याचीच दोन अंगं. दोन्ही एकमेकांशिवाय नसतात. त्यामुळे पूर्ण अचेतन असं काहीच नाही. दगडालाही त्याच्या पातळीची, त्याच्या प्रकारची चेतना आहे. आता इथे घाई करू नका. दगड विचार करतो किंवा त्याला दुखतं असा याचा अर्थ नाही. 'मी आहे' हे भान माणसाच्या टप्प्यावर येतं. खनिज, वनस्पती, प्राणी, माणूस या क्रमात चेतना नव्याने तयार होत नाही, ती उलगडत जाते.

हे विधान प्रयोगशाळेत तपासता येत नाही. म्हणून ते फालतू ठरतं का? नाही. त्याची तपासणी तर्काने होते. आजच्या तत्त्वज्ञानात 'पॅनसायकिझम' म्हणजे सर्वचेतनवाद हा गंभीर चर्चेचा विषय आहे, आणि त्यावरचा मोठा आक्षेप विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच नोंदवला होता: शंभर छोट्या संवेदना शेजारी ठेवल्या म्हणून त्यांची एक मोठी संवेदना होत नाही. अणूंना कणभर चेतना दिली तरी त्यातून तुमचं एकसंध 'मी' कसं बनतं?

थिऑसॉफी या आक्षेपातून काहीशी निसटते, कारण ती लहानाकडून मोठ्याकडे जात नाही. ती एकाकडून अनेकांकडे येते. पण मग तिला उलटा प्रश्न पडतो: मूळ चेतना एकच असेल तर तुमची डोकेदुखी मला का जाणवत नाही? एकाचे अनेक झाले कसे? याचं उत्तर थिऑसॉफी दुसऱ्या जातीच्या विधानांतून देते.

दुसरी जात : रचना किंवा मॉडेल

एकच चेतना वेगवेगळ्या वाहनांतून, म्हणजे उपाधींतून काम करते आणि वाहन जसं तशी तिची अभिव्यक्ती. 'द की टू थिऑसॉफी' (१८८९) मध्ये माणसाची सात तत्त्वं दिली आहेत:

१. स्थूल शरीर
२. प्राण
३. लिंग शरीर
४. कामरूप, म्हणजे वासना-विकारांचं केंद्र
५. मनस
६. बुद्धी
७. आत्मा

यातलं मनस दुहेरी आहे. त्याचा खालचा भाग वासनांकडे ओढला जातो, वरचा भाग बुद्धीकडे. पहिली चार तत्त्वं आणि खालचं मनस मिळून 'व्यक्तिमत्त्व' होतं आणि ते एका जन्मापुरतं टिकतं. वरचं मनस, बुद्धी आणि आत्मा हे पुढच्या जन्मात जातं. मग मागचा जन्म आठवत का नाही? कारण रोजची स्मृती व्यक्तिमत्त्वाची असते आणि मेंदू दर जन्मी नवा असतो. मॉडेलच्या आत हे उत्तर सुसंगत आहे.

पण इथे मराठी वाचकाला एक हमखास चकवा लागतो. शब्द ओळखीचे वाटतात, अर्थ वेगळे असतात. आपण रोज 'बुद्धी' म्हणतो ती हुशारी. सांख्यदर्शनात बुद्धी प्रकृतीचा पहिला विकार आहे, म्हणजे मुळात जड. चेतन फक्त पुरुष. थिऑसॉफीत मात्र बुद्धी मनाच्या वर बसते आणि आत्म्याचं वाहन असते. तीन ठिकाणी शब्द एकच, जागा तीन. सांख्याचं ज्ञान गृहीत धरून ब्लॅव्हॅट्स्की वाचायला बसलात तर गोंधळ अटळ आहे. 'कॉन्शसनेस' या एका शब्दासाठी आपल्याकडे जाणीव, भान, शुद्ध, चेतना, चैतन्य इतके शब्द आहेत. हा अडथळा नाही, ही सोय आहे. 'पेशंटची शुद्ध हरपली' आणि 'चैतन्य सर्वत्र आहे' ही दोन वाक्यं एकमेकांना खोटं पाडत नाहीत, कारण ती दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

मॉडेल तपासायचं कसं? सोसायटीच्या आतच घडलेलं एक उदाहरण घ्या. १८८७ मध्ये मद्रासचे वकील आणि वेदान्ताचे जाणकार टी. सुब्बा राव यांनी सात तत्त्वांच्या वर्गीकरणावर आक्षेप घेतला. त्यांच्या मते तीन उपाधी आणि त्यांच्यापलीकडचा आत्मा, अशी चारांची विभागणी जास्त योग्य होती. ब्लॅव्हॅट्स्कींनी सातांची बाजू लढवली. हा वाद 'द थिऑसॉफिस्ट'मध्येच छापून आला. सात बरोबर की चार? हे ठरवणारं मोजमाप दोघांकडेही नव्हतं. अशा वेळी निकष असतात ते सुसंगतीचे, उपयोगाचे आणि आपल्या परंपरेशी नातं सांगण्याचे. हे निकष चुकीचे नाहीत, पण ते पुराव्याची जागा घेत नाहीत.

भूल देण्याचं उदाहरण घेतलं की हे आणखी स्पष्ट होईल. भुलीचं औषध दिलं की जाणीव जाते. जडवादी म्हणेल, मेंदूचं काम थांबलं म्हणून जाणीव थांबली. थिऑसॉफिस्ट म्हणेल, वाहन बंद पडलं म्हणून चेतनेला तिथून व्यक्त होता आलं नाही. विल्यम जेम्स यांनीही १८९८ च्या एका छापील व्याख्यानात मेंदू जाणिवेचा उत्पादक नसून वाहक असू शकतो ही शक्यता मांडली होती. निरीक्षण एक, अर्थ दोन, आणि या प्रयोगापुरती दोघांची भाकितं सारखीच. म्हणून 'भुलीमुळे थिऑसॉफी खोटी ठरली' हेही चूक, आणि 'मेंदू रिसीव्हर आहे हे सिद्ध झालं' हे तर त्याहून चूक.

तिसरी जात : अनुभवजन्य दावा

आता खरी कसोटी. थिऑसॉफी तत्त्वज्ञानापाशी थांबली नाही. सूक्ष्म वाहनं जागी केली की चेतना स्वतःच निरीक्षणाचं साधन बनते, असं तिच्या नेत्यांनी म्हटलं. १८९५ पासून अ‍ॅनी बेझंट आणि सी. डब्ल्यू. लेडबीटर यांनी दिव्यदृष्टीने अणूंची रचना 'बघायला' सुरुवात केली. १९०८ मध्ये 'ऑकल्ट केमिस्ट्री' हे पुस्तक आलं. त्यांनी सर्वांत मूळ भौतिक कणाला 'अणू' हेच संस्कृत नाव दिलं आणि हायड्रोजनमध्ये असे १८ कण मोजले. नायट्रोजनमध्ये २६१, ऑक्सिजनमध्ये २९०.

हे विधान तपासता येतं. कणांची संख्या १८ ने भागली की हायड्रोजनच्या तुलनेत वजन मिळायला हवं. ऑक्सिजनचं येतं १६.११. जवळ आहे. नायट्रोजनचं येतं १४.५. नायट्रोजनचा अणुभार साधारण १४ आहे हे रसायनशास्त्रज्ञांना तेव्हाही माहीत होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९११ मध्ये रदरफर्डनी मांडलेलं अणुकेंद्र या चित्रांत नाही. पुढे १९८० मध्ये स्टीफन फिलिप्स या भौतिकशास्त्रज्ञांनी या चित्रांचा मेळ क्वार्कशी घातला. पण क्वार्क सापडल्यानंतर जुन्या चित्रात ते दाखवणं वेगळं आणि आधी सांगणं वेगळं.

यात एक गमतीशीर वळणही आहे. निऑनबरोबर २२ च्या आसपास वजनाचं काहीतरी दिसतंय हे केंब्रिजमध्ये लक्षात आल्यावर फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१३ मध्ये त्याला 'मेटा-निऑन' म्हटलं, आणि हे नाव त्यांनी 'ऑकल्ट केमिस्ट्री'तून घेतलं होतं. नंतर कळलं की तो निऑनचाच समस्थानिक आहे. अ‍ॅस्टनना १९२२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मग दिव्यदृष्टी खरी ठरली का? नाव तिथून आलं, पुरावा आला तो उपकरणातून. कल्पना कुठूनही येऊ शकते. ती टिकते कशाच्या जोरावर, हा प्रश्न वेगळा आहे.

मिसळ कुठे होते?

बेझंटबाईंचं 'अ स्टडी इन कॉन्शसनेस' १९०४ चं. उपशीर्षकात ते स्वतःला मानसशास्त्राच्या विज्ञानातली भर म्हणवतं. आत मात्र इच्छा, ज्ञान आणि क्रिया ही चेतनेची तीन अंगं (मॉडेल), एकच मूळ जीवन (तत्त्वमीमांसा) आणि सूक्ष्म पातळ्यांवरची निरीक्षणं (दावा) सलग एका सुरात येतात. त्यामुळे पहिल्याचं गांभीर्य तिसऱ्याला आपोआप मिळतं. उलटंही होतं: तिसरा दावा पडला की वाचक पहिला प्रश्नही हसण्यावारी नेतो. जाणिवेचा मूळ प्रश्न मात्र जागेवरच आहे. १९९५ मध्ये डेव्हिड चाल्मर्स यांनी त्याला 'कठीण प्रश्न' म्हटलं आणि तो अजून सुटलेला नाही.

फरक कुठे पडला ते बघा. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये एक मोठा अभ्यास आला. जाणिवेचे दोन प्रतिस्पर्धी सिद्धान्त, त्यांच्या समर्थकांनी आधीच लिहून दिलेली भाकितं आणि २५६ जणांवरची मोजमापं. दोन्ही सिद्धान्तांची काही भाकितं फसली. तरीही हे काम पुढे नेणारं आहे, कारण आपण कुठे चुकू शकतो हे दोघांनीही आधी लेखी कबूल केलं होतं. 'ऑकल्ट केमिस्ट्री'त नेमकी हीच गोष्ट नव्हती.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

जाणिवेवर कुणाचंही वाक्य घेतलंत, मग तो ऋषी असो, ब्लॅव्हॅट्स्की असोत की न्यूरोसायंटिस्ट, समासात तीन प्रश्न लिहा. हे जगाच्या मूळ स्वरूपाबद्दल आहे का? मग तर्काने तपासा. ही मांडणी आहे का? मग सुसंगती बघा आणि शब्दांचे अर्थ परंपरेप्रमाणे लावा. हा निरीक्षणाचा दावा आहे का? मग कोणत्या निकालाने तो खोटा ठरेल ते आधी लिहा.

थिऑसॉफीवर करण्यासारखं बरंच काम आहे, आणि मराठी येणाऱ्यांना त्यात हक्काची जागा आहे. १८८९ च्या 'द व्हॉइस ऑफ द सायलेन्स'च्या टिपांमध्ये ब्लॅव्हॅट्स्की ज्ञानेश्वरीचा हवाला देतात. मुंबईत तुकाराम तात्या यांनी थिऑसॉफीच्या वर्तुळातून योग-वेदान्ताची पुस्तकं छापली. मराठीतली चेतनेची भाषा इंग्रजीत जाताना काय झाली, आणि आज 'एनर्जी' आणि 'व्हायब्रेशन' बनून आपल्याकडे परत येताना तिच्यात काय बदललं? हा प्रश्न तपासता येतो, त्याची साधनं उपलब्ध आहेत, आणि व्हायवाला तुम्ही नेमकं काय सिद्ध केलंत हेही ठामपणे सांगता येईल.